तेरड्याचा रंग तीन दिवस. मग जरबेऱ्याचा किती?

पत्र : आमच्याकडे गौरी-गणपती असतात. मखर मीच सजवते. थर्माकोल नको म्हणून तीन वर्षांपासून खऱ्या फुलांचं करते. गेल्या वर्षी हरतालिकेच्या दुपारी दादरहून फुलं आणली : डच गुलाबाच्या दोन गड्ड्या, दहा जरबेरा, निशिगंधाच्या वीस काड्या, थोडी कार्नेशन, पाच किलो झेंडू, शिवाय दूर्वा आणि पत्री. चतुर्थीच्या सकाळी सगळे खूश. पंचमीला जरबेऱ्यांनी माना टाकल्या, गुलाब उमललेच नाहीत, कार्नेशन तर एका रात्रीत मिटली. गौरी जेवायच्या दिवशी फुलदाणीतल्या पाण्याला असा वास सुटला की पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाण्यात साखर घातली होती, तांब्याचं म्हणून एक नाणं टाकलं होतं, डोकेदुखीची गोळीही विरघळवली होती. दूर्वा वाटीत पाणी घालून ठेवल्या, त्या तिसऱ्या दिवशी बुळबुळीत. नवरा म्हणतो फुलं फ्रिजमध्ये ठेव. सासूबाई म्हणतात, देवाची फुलं खरकट्या फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत. आणि तेरड्याचा रंग तीन दिवस, फुलं टिकवायचा हट्ट कशाला? यंदा सजावट सात दिवस टिकेल असं काही सांगाल का? आणि गौरींच्या गजऱ्यांचं काय करू?
— भाद्रपदातली सून, डोंबिवली

सूनबाई,

आधी सासूबाईंची बाजू घेते, कारण त्या निम्म्या बरोबर आहेत. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या सकाळी निर्माल्यच होतं. तुळस आणि बेल शिळे मानत नाहीत. बाकी सगळं रोज उतरवायचं आणि नवं वाहायचं. म्हणजे जास्वंद, दूर्वा, पत्री, सुटी शेवंती यांनी मखरात सात दिवस तग धरावा अशी कोणाची अपेक्षाच नाही. ती फक्त वाहायच्या सकाळपर्यंत ताजी राहायला हवीत. पारिजातकाचा संसार तर पहाटे झाडाखालीच आटोपलेला असतो, त्याच्यापुढे फ्रिजही हरतो आणि मीही. साठवणं हे एक काम आणि फुलदाणीत टिकवणं हे दुसरं. तुम्ही गेल्या वर्षी दोन्हींना एकच उपाय केलात : पाण्यात ठेवलं. त्यामुळे ज्यांना पाणी नको होतं ती कुजली, आणि ज्यांना पाणी हवं होतं त्यांना ते मिळालंच नाही. हो, पाण्यात उभी असूनही मिळालं नाही. ते कसं, ते सांगते.

पण तेरड्यावर एक शब्द. कोकणात पुष्कळ घरी गौर म्हणून तेरड्याची रोपंच आणतात, रानातून उपटून, मुळांसकट. आवाहन, पूजन, विसर्जन मिळून गौर राहते तीन दिवस. तेरडा तेवढा पुरतो. तो बिचारा आपलं काम वेळेत करून जातो आणि आपण त्याला चंचलपणाची म्हण चिकटवून ठेवली आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांना आवडेल.

आता मखर. फुलाचा देठ म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. पाना-पाकळ्यांतून पाणी सतत हवेत उडतं आणि त्या ओढीने खालचं पाणी वर चढतं. मूळ तुटलं तरी ही ओढ थांबत नाही. म्हणून देठ कापल्या क्षणी तो पाण्याऐवजी हवा ओढतो, नळ्यांच्या तोंडाशी बुडबुडे अडकतात. वर दादर ते डोंबिवलीचा प्रवास, म्हणजे ते टोक पार सुकलेलं. घरी आल्यावर तुम्ही तसाच देठ पाण्यात ठेवला असेल तर पाणी बाहेर आणि फूल तहानलेलं, मध्ये बुच. दुसरं बुच जंतूंचं. पाण्यात बुडालेली पानं सडतात, त्यावर जंतू माजतात आणि त्यांचा चिकट थर देठाच्या तोंडावर बसतो. तुमच्या पाण्याला जो वास सुटला तो म्हणजे या गुन्ह्याचा पंचनामाच. वास येण्याच्या किती तरी आधी फुलांचं पाणी बंद झालेलं असतं.

आणि त्या पाण्यात तुम्ही साखर घातलीत! फुलाला साखर लागते हे खरं. झाडापासून तुटलं की त्याची शिदोरी मर्यादित असते, कळी उमलायला ताकद लागते. पण नुसती साखर म्हणजे जंतूंना पंगत वाढणं. साखर घालायची तर तिच्याबरोबर दोन गोष्टी हव्यातच : पाणी किंचित आंबट करणारं काहीतरी, कारण आंबट पाणी देठात सहज चढतं, आणि जंतू रोखणारं काहीतरी. फुलवाले गड्डीबरोबर कधी कधी जी पुडी देतात तिच्यात हेच तिन्ही असतं.

घरी करायचं तर 1 लिटर पाण्यात 2 छोटे चमचे साखर, 2 छोटे चमचे लिंबाचा रस, आणि शेवटी पाव छोटा चमचा साधं घरगुती ब्लीच, म्हणजे कपडे पांढरे करायचं ते पातळ द्रावण. लिंबू आणि ब्लीच एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. भरल्या पाण्यात आधी साखर आणि लिंबू घालून ढवळायचं, मग ब्लीच, आणि तेही खिडकी उघडी ठेवून. लहान मूल किंवा मांजर त्या पाण्याला तोंड लावेल अशा जागी ही फुलदाणी नको, आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात हे पाणी मुळीच नको.

पण मला विचाराल तर सणाच्या घरात हा सगळा उपद्व्याप करूच नये. रोज सकाळी ताजं साधं पाणी, स्वच्छ घासलेली फुलदाणी आणि देठाचा बोटभर नवा काप, एवढं केलं तर वरच्या काढ्याने साधतं त्यातलं बहुतेक साधतं. ज्यांना पाणी बदलायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी पुडी आणि ब्लीच. तुम्ही तर रोज पहाटे उठून मोदकाची उकड काढणाऱ्यांपैकी दिसता. एक कसोटी ठेवा : ज्या फुलदाणीतून पाहुण्यांना पाणी प्यायला द्यायची तुमची हिंमत होणार नाही, ती फुलांसाठीही नाही. आत हात जात नसेल तर बाटली धुवायचा ब्रश घ्या. अरुंद तोंडाच्या सुरया दिसतात देखण्या, पण त्यांच्या तळाशी गेल्या वर्षीचा गणपती अजून बसलेला असतो.

नाण्याचं म्हणाल तर आजचं रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं, त्यात तांबं शोधून सापडायचं नाही. तांब्याला जंतूंचं वावडं असतं ही गोष्ट खोटी नाही. तांब्याच्या कलशातलं पाणी उशिरा बिघडतं, तेव्हा घरात मोठा कलश असेल तर त्यात निशिगंध खुशाल ठेवा, पाणी मात्र साधंच. डोकेदुखीच्या गोळीने पाणी किंचित आंबट होतं, यापलीकडे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ते काम लिंबू स्वस्तात करतं, आणि गोळी गौरी जेवायच्या दिवशी तुम्हाला लागेल.

कार्नेशनची गोष्ट वेगळी. ती पाण्यावाचून गेली नाहीत.

बरीच वर्षं मी लग्नाकार्यात फुलांची सजावट करायचे. एकदा मे महिन्यात रत्नागिरीकडे एका घरचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी पाचशे कार्नेशन माजघरालगतच्या खोलीत बादल्यांतून लावून ठेवली. पाणी स्वच्छ, खोली गार, अंधारी, कोणी ये-जा करायचं नाही अशी. मी निवांत झोपले. सकाळी दार उघडलं तर पाचशेच्या पाचशे फुलं झोपलेली. पाकळ्या आत मुरडलेल्या, जणू फुलाने स्वतःची मूठ मिटून घेतली. बादल्यांमागे भिंतीशी गवत रचलेलं दिसलं, वर गोणपाट. उचकटून पाहिलं तर हापूसची अढी. त्या दिवशी नवरीच्या मंडपात झेंडू आणि आंब्याचे टाळे लागले, आणि जेवणात आमरस होता, तो मला गोड लागला नाही.

अढीत आंबा पिकतो तो इथिलिन नावाच्या वायूने. फळ स्वतःच तो सोडतं. 1901 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं, की दिव्याच्या गॅसमुळे प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात. त्यामागे इथिलिन आहे हे त्याने दाखवून दिलं. फळाला जो वायू पिकवतो तोच फुलाला म्हातारं करतो, आणि त्याला वासही फारसा नसल्याने आपल्याला पत्ता लागत नाही. धुरातही तो असतो. केळ्यांना धुरी देऊन पिकवायची आपली जुनी पद्धत त्यावरच चालते.

आता तुमचं मखर डोळ्यांसमोर आणा. मूर्तीपुढे पाच फळं, त्यात पिकलेली केळी आणि सफरचंद. बाजूला घडावर घड. अखंड उदबत्ती, दोन वेळा धूप. कार्नेशनसाठी याहून वाईट जागा मला मुद्दाम शोधूनही सापडली नसती. त्यात दोन्हीकडे समया, वर झगझगीत फोकसचे दिवे, आणि आरतीला माणसं जमली की पूर्ण वेगात पंखा. उष्णता 10 अंशांनी वाढली की फुलाचा श्वासोच्छ्वास दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणजे शिदोरी तितक्याच वेगाने संपते. पंखा वरून पाणी उडवत राहतो.

समई तर लावायचीच, ती विझवा असं मी सांगणार नाही. फुलांची जागा बदला. शेवंती आणि जरबेरा यांना या वायूचं फारसं सोयरसुतक नाही. मूर्तीजवळ, फळांजवळ ती ठेवा. कार्नेशन, ऑर्किड, जिप्सो (ती बारीक पांढरी फुलं) ही मंडळी नाजूक, त्यांची फुलदाणी दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी, जिथे पाहुणे चपला काढताना बघतील. फोकसच्या जागी एलईडीच्या माळा लावा. आणि फळं नैवेद्य झाला की वाटून टाका, प्रसादाचं प्रदर्शन मांडायचं नसतं.

आता खरेदी. हरतालिकेची दुपार ही फुलं घ्यायची सर्वांत वाईट वेळ. बाजारात माल पहाटे उतरतो. दुपारी तुमच्या हातात येणारी गड्डी सकाळपासून फुटपाथवर, उन्हात आणि धुरात उभी असते, वर भाव चढलेला. दादरची हौस मी समजू शकते, पण तुम्हाला कल्याणच्या बाजार समितीतलं फूल मार्केट हाकेच्या अंतरावर आहे. हरतालिकेच्या आदल्या पहाटे जाऊन देठाची फुलं आणा, आणि सुटी फुलं, दूर्वा, पत्री हरतालिकेच्या सकाळी. लांब देठांची फुलं एक दिवस आधी आणली म्हणून शिळी होत नाहीत. उलट रात्रभर पाणी पिऊन ती मखरात ताठ मानेने उभी राहतात.

घेताना गुलाबाचं बूड, म्हणजे पाकळ्या जिथे देठाला मिळतात ती जागा, बोटांत हलकेच दाबून पाहा. टणक लागलं तर ताजं, पिचपिचीत लागलं तर सोडा. पण दगडासारखी घट्ट मिटलेली, हिरवट कळीही नको. ती कोवळी तोडलेली असते आणि बहुतेक वेळा तशीच मान टाकते. तुमचे गुलाब बहुधा त्यातलेच. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटायला लागलेली कळी घ्या. निशिगंधाच्या काडीवर खालची एक-दोन फुलं उमललेली असावीत. शेवंतीची पानं बघायची, फूल नाही. फूल ताजं दिसत राहतं, पान खरं बोलतं. देठाचं टोक काळं-चिकट असेल तर फुलवाला कितीही "आजचाच माल ताई" म्हणाला तरी पुढे चला. येताना देठांभोवती ओलं वर्तमानपत्र, फुलांभोवती कोरडं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलीत तर लोकलच्या गर्दीत ती वाफेवर शिजतात.

घरी आल्यावर चहाच्या आधी ही वीस मिनिटं. घासलेल्या बादलीत पाणी, देठाचा खालचा भाग पाण्यात बुडवून पाण्याखालीच दोन बोटं कापायचा, धारदार सुरीने, तिरका. पाण्याखाली कापला की हवेऐवजी पाणीच आत जातं. तिरका काप तळाशी चपटा बसत नाही एवढाच त्याचा फायदा, त्यात दुसरी जादू नाही. बोथट कात्रीने देठ चेचतो, म्हणजे आपणच नळ्या मिटवतो. देठ हातोडीने ठेचावेत असंही कोणी कोणी सांगतं, नका ठेचू. पाण्याखाली जातील तेवढी पानं काढा, वरची राहू द्या. गुलाबाचे काटे ओरबाडताना साल निघाली की तिथूनही जंतू शिरतात, तेव्हा तेही पाण्याखालच्या भागापुरतेच. गड्डीभोवतीचा कागद लगेच सोडू नका, त्याने माना सरळ राहतात. बादली रात्रभर बाथरूममध्ये, दिवा बंद, पंखा नाही. घरच्यांना आंघोळीला दुसरी बादली द्या.

जरबेऱ्याचं तंत्र मात्र उलटं. त्याचा देठ मऊ, केसाळ, वरच्या अंगाला पोकळ. खोल पाण्यात तो लवकर कुजतो. त्याला चार बोटंच पाणी द्यायचं, पण रोज ताजं. देठाचं अगदी खालचं टोक कडक, लाकडासारखं असतं, त्यातून पाणी नीट चढत नाही. ते दोन बोटं कापून टाका. फुलावरची प्लास्टिकची टोपी पहिली रात्र राहू द्या. गुलाबांची भरली फुलदाणी आणि त्यातच मधे मधे जरबेरा, ही मांडणी फोटोत छान येते आणि दुसऱ्या दिवशी जरबेरा गुडघ्यात मान घालतो. तुमचं हेच झालं असणार.

मान टाकलेला गुलाब किंवा जरबेरा लगेच निर्माल्यात टाकू नका. गुलाब असेल तर पाण्याखाली नवा काप देऊन अख्खा, फुलासकट, कोमट पाण्याच्या टबात तासभर आडवा झोपवा. जरबेऱ्याला नवा काप देऊन मानेपर्यंत वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि दोन-तीन तास सरळ उभा करा. नुसतं पाणी अडलं असेल तर मान उभी राहते. वयच झालं असेल तर नाही.

निशिगंधाची वाळलेली खालची फुलं रोज खुडा आणि शेंड्याच्या अगदी बारीक दोन-चार कळ्या पहिल्याच दिवशी मोडून टाका. त्या फुलदाणीत उमलत नाहीत, फुकट शिदोरी खातात. काडी हळूहळू खालून वर उमलत जाते, तसतशी खालून कापून आखूड करा. सहाव्या दिवशी उंच फुलदाणीतला निशिगंध वाटीत आलेला असेल, पण असेल.

झेंडूला पाणी पाजू नका. पाच किलोची पिशवी आणली की आधी तिच्यात हात घालून बघा, आत चक्क गरम लागेल. तोडलेलं फूल श्वास घेतं, आणि ढिगात ती ऊब कोंडते. म्हणून आल्या आल्या झेंडू वर्तमानपत्रावर, सुती चादरीवर पातळ पसरायचा. हारांवर दर तासाला पाणी शिंपडायची सवय अनेकांना आहे, त्याने झेंडू ताजा दिसतो आणि आतून सडतो. पाकळ्यांच्या बुडाशी साचलेलं पाणी सुकत नाही, मग बुरशी. कोरडा, वारा लागेल असा टांगलेला हार चार दिवस चांगला राहतो.

पत्रीच्या जुड्याही तशाच गरम होतात. दोरा ताबडतोब सोडा. शमी, आघाडा, माका, जे काही आणाल ते निवडून, पिवळं पान काढून, न धुता सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवा. दूर्वांनाही हेच. निवडताना एकवीसच्या जुड्या बांधायच्या, पण दोरा सैल. मलमलचं फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, त्यात दूर्वा गुंडाळायच्या, झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. रोज लागतील तेवढ्या काढून तेव्हाच धुवायच्या. धुऊन ठेवलेल्या दूर्वा, मग त्या फ्रिजमध्ये असोत की बाहेर, बुळबुळीत होणारच. फडकं एक दिवसाआड बदललं तर पाच दिवस हिरव्या राहतात.

सजावटीच्या हिरवाईची काळजी फारशी नाही, आणि मी तर म्हणेन यंदा फुलं निम्मी करा आणि हिरवाई दुप्पट. कामिनीच्या फांद्या, अरेका पामची पानं, ड्रेसिना हे सगळं वर्षभर मिळतं आणि आठवडाभर टिकतं. ड्रेसिनाला तर फुलदाणीत मुळंही फुटतात, गणपती गेल्यावर कुंडीत लावा. पामची पानं वापरायच्या आधी अर्धा तास अख्खी पाण्यात बुडवा. अस्पॅरगसची झिरमिळी पानं मात्र पंख्याखाली झडतात आणि नैवेद्याच्या ताटात पडतात. त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ फवारा मारा, नाहीतर आणूच नका. आंब्याच्या पानांवर मेणाचा थर असतो, म्हणून तोरण पाण्यावाचून तग धरतं; ओवायच्या आधी तासभर पाण्यात ठेवली की ती आणखी दोन दिवस मऊ राहतात. केळीचे खुंट ओल्या वाळूच्या बादलीत रोवा. आणि सजावटवाला हिरवा स्पंज देईल, ज्यात देठ खुपसतात, तो घेऊ नका. तो विरघळत नाही, कुजत नाही. थर्माकोल सोडून तो धरला तर आपण आगीतून फुफाट्यात. घरातली जाळी गुंडाळून फुलदाणीत बसवली की देठ तितकेच ठाम उभे राहतात.

उरला फ्रिज. नवऱ्याचं म्हणणं सुट्या फुलांपुरतं आणि दूर्वा-पत्रीपुरतं बरोबर आहे. जास्वंद दुपारनंतर मिटायला लागते, तिला पाण्यात ठेवून काही उपयोग नाही. पण आदल्या संध्याकाळी टपोऱ्या कळ्या खुडून कोरड्या डब्यात ठेवल्या तर सकाळी बाहेर काढल्यावर उमलतात. अँथुरियम आणि ऑर्किड मात्र फ्रिजमध्ये कधीच नाही. उष्ण प्रदेशातली ही फुलं, थंडीने त्यांच्या पाकळ्या काळवंडतात. भाजीच्या कप्प्यात सफरचंदांशेजारी तर कुठलंच फूल नको, पुन्हा ती अढी झाली.

सासूबाईंशी वाद घालू नका. एक नवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणा, त्यावर हळद-कुंकवाची बोटं लावून घ्या, आणि फ्रिजचा वरचा कप्पा त्यांच्याच देखरेखीखाली पुसून त्याला द्या. डबा देवाचा, त्याला फ्रिजचं खरकटं लागत नाही, या युक्तिवादावर मी स्वतःच्या सासूबाईंना तीन वर्षांनी जिंकलं. तोवर मी फुलं माठाभोवती ओलं फडकं घालून ठेवायचे. वैशाखात त्या गारव्याने काम व्हायचं, पण भाद्रपदात हवाच इतकी दमट की फडकं वाळत नाही आणि वाळत नाही म्हणून गारही होत नाही. दुसऱ्या वर्षी एक अख्खी टोपली शेवंती काळी पडली, तेव्हा सासूबाई डब्याकडे जरा सौम्य नजरेने बघायला लागल्या.

आणि गजरे. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी खुडलेल्या असतात आणि संध्याकाळी उमलतात, वासही तेव्हाच सोडतात. म्हणून उमललेला गजरा घेऊ नका. दुपारी, पांढऱ्याशुभ्र मिटल्या कळ्यांचा घ्या. पाण्यात बुडवायचा नाही, पाणी लागलेली पाकळी तपकिरी होते. केळीच्या पानात गुंडाळून वरून ओलसर फडकं, बस. पूजेच्या दिवशी संध्याकाळच्या आरतीआधी अर्धा तास माळायचा, म्हणजे आरती चालू असताना गौरींच्या मागून वास सुटेल. दोन दिवस टिकावं असं काही हवं असेल तर अबोलीचा वळेसर शोधा. त्याला वास नाही, पण कोकण-गोव्यात गौरींना तो आवर्जून माळतात आणि तो दुसऱ्या दिवशीही कोमेजत नाही. आवाहनाला अबोली, पूजनाला मोगरा किंवा जाई, असं जमलं तर बघा.

गजरा एक जास्तीचा आणा, सासूबाईंसाठी. तो मात्र त्यांच्यासमोर फ्रिजमधून काढू नका.